तलावपाळीवरची हाक

माझे पुढचे चार दात खोटे आहेत, हे माझ्या नातवंडांना ठाऊक आहे. डॉक्टरांनी गोड बंद केलं आहे आणि तरी मी कपाटात चादरींच्या मागे चिकी ठेवते, हेही त्यांना ठाऊक आहे. घरात माझ्याबद्दल न कळलेलं असं आता काही उरलेलं नाही. एक सोडून. ते माझ्या नवऱ्याला कळलं नाही, पाळकसाहेबांना कळलं नाही, आणि जिला सगळ्यात आधी कळायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण — कारण कसलं? तुम्ही समोर बसलात म्हणून.

आम्ही ठाण्याचे. मराठी ख्रिस्ती. बाबा मास्तर होते, शाळेतही आणि घरातही. तलावपाळीच्या मागच्या बाजूला आमचं कौलारू घर, घरात आई-बाबा, मी आणि माझ्याहून पाच वर्षांनी लहान करुणा. मी मोठी, म्हणून शहाणी — असं माझं मत. ते दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, पहाटे आमच्या मंडळीची प्रभातफेरी निघायची. पुढे पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, त्यांच्यामागे पेटी गळ्यात अडकवलेला एकजण, टाळ, आणि मागे पांढऱ्या साड्यांतल्या आम्ही सगळ्या. गल्लीगल्लीतून गात उजाडताना देवळात पोचायचं. आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो. स्वातंत्र्य मिळून दोनेक वर्षं झाली होती, मी एकोणीस वर्षांची होते, आणि मला नव्या चपला घेतल्या होत्या. त्या चावल्या. तळ्यापाशी मी हळूच मागे राहिले, पायरीवर बसले, पाय पाण्यात सोडले, कठड्याला टेकले — आणि झोपले. प्रभू उठला त्या पहाटे मी झोपले. बघा म्हणजे.

जाग आली तेव्हा ऊन तोंडावर आलेलं. चपला हातात घेऊन पळत देवळात शिरले तर उपासना अर्धी संपलेली. साडीचे काठ ओले, केस विस्कटलेले, आणि पहिल्या बाकावरून बाबा वळून बघताहेत. बाहेर आल्यावर त्यांनी दहा माणसांदेखत विचारलं, ‘‘कुठे होतीस?’’

‘‘तळ्यावर.’’

‘‘तळ्यावर काय होतं?’’

पाय होते, बाबा. सुजलेले. एवढं म्हणायचं होतं. पण आदल्याच आठवड्यात माझी कवितांची वही बाबांच्या हाती लागली होती, आणि ‘‘रॉकेल काय तुझ्यासाठी आभाळातून पडतं?’’ असं विचारून त्यांनी दिवा माझ्यापुढून उचलून नेला होता. ते सगळं माझ्या मनात असावं. की नसावं? मी उगाच स्वतःला हुशार ठरवते आहे. तोंडातून निघालं ते असं — ‘‘मला हाक आली.’’

‘‘कसली हाक?’’

‘‘लिहिण्याची.’’

झालं. बाबांचा चेहरा बदलला. त्यांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच — जाऊ दे. माझ्यावर खूश झालेले बाबा मी तोवर पाहिले नव्हते, एवढं सांगते.

आता आमच्याकडे साक्ष द्यायची रीत आहे. प्रभूनं आपल्या आयुष्यात काय केलं ते प्रार्थनासभेत उभं राहून सगळ्यांना सांगायचं. आणि साक्ष म्हटली की ती मोघम चालत नाही. केव्हा, कुठे, कसं, सगळं लागतं. बुधवारी मला उभं केलं. मी म्हणाले, पाच वाजले होते. पाणी हलत नव्हतं. कुणीतरी माझं नाव घेतलं, दोनदा. आणि माझे तळहात गरम झाले. नावानं हाक येते हे शब्बाथशाळेत, रविवारी मुलांना बायबल शिकवायचे तिथल्या गोष्टींमधून उचललेलं. तळहात मात्र माझे स्वतःचे. ते का घातलं, कोण जाणे. आमटीत हिंग घालतात तसं — चिमूटभर. म्हाताऱ्या बायकांनी डोळे पुसले. मीही पुसले. रडू खरं होतं, हे त्यातलं सगळ्यात गमतीचं.

पण देवाच्या नावानं थाप मारली की ती पोसावी लागते. बाबांनी शाळेतून मोडीत काढलेलं एक मेज आणलं, खिडकीपाशी मांडलं, दिवा परत दिला आणि सांगितलं, ‘‘त्यानं पाच वाजता बोलावलं ना? मग पाच वाजता बसायचं.’’ दर रविवारी मंडळीत माझं नवं गीत गायचं असं ठरलं. ठरवताना मला कुणी विचारलं नाही. जिला साक्षात बोलावणं आलंय, तिला काय विचारायचं?

पहिली गीतं कसली भयंकर होती म्हणून सांगू. एकात ‘तारणारा’ला मी ‘वारणारा’ जोडला, त्याला ‘सारणारा’ जोडला. सारणारा नेमकं काय सारत होता, हे मला आजही माहीत नाही. पण मंडळी गायली. पुढच्या रविवारी परत गायली. आणि मी — जिचा हात आजवर एका कामावर महिनाभर टिकला नव्हता, जिचं विणकाम एका मोज्यावर थांबलं होतं — मी पाच वर्षांत एक रविवार चुकवला नाही. ताप आला तरी नाही. आई आजारी असताना नाही. लोक म्हणायचे, काय निष्ठा आहे मुलीची. निष्ठा कसली? उघडं पडायची भीती होती. एक रविवार रिकामा गेला असता तर कुणीतरी म्हटलं असतं, हाक खरी होती ना गं?

पुढे एक विचित्र गोष्ट झाली. भीती केव्हा गेली ते कळलं नाही, आणि मी तरी उठतच राहिले. बाबांनी हाक मारायच्या आधी. बसायचं. बहुतेक दिवशी काही यायचं नाही. शाई वाळायची, बाहेर कावळे ओरडायला लागायचे. एखाद्या दिवशी एक ओळ यायची, आणि ती माझ्याहून चांगली असायची. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मला वाटायला लागलं की ज्याला बोलावणं म्हणतात ते बहुधा हेच असावं — रोज बसणं आणि उठून न जाणं. आवाज नाही, तळहात नाहीत. हे मी कुणाला सांगितलं का? कसं सांगणार? माझी साक्ष दिलेली होती.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच? एका पोरीनं बापाला थाप मारली, त्यातून गाणी झाली, देवाचंही काही बिघडलं नाही. एवढंच असतं तर मी ते केव्हाच नातवंडांना सांगून हशा मिळवला असता. हे चिकीच्या जातीचं झालं. दुसरं आहे ते —

करुणाबद्दल सांगते. माझ्या शब्दांना चाली ती लावायची. शुक्रवारी मी तिच्यापुढे कागद टाकायचा. ती तांदूळ निवडत असली तर निवडताना, भांडी घासत असली तर घासताना गुणगुणायची, सुपावर बोटांनी ठेका धरायची, आणि शनिवारी दुपारपर्यंत चाल तयार. आमच्या दारावर एक कोळीण यायची, तिची ‘बोंबील घ्या’ची हाळी लांबून वर चढत यायची आणि शेवटी एकदम खाली बसायची. ते वळण करुणानं एका शुभवर्तमानाच्या गीतात जसंच्या तसं घातलं. अख्खी मंडळी डोळे मिटून बोंबील गात होती, आणि माझ्याखेरीज कुणाला पत्ता नव्हता. करुणानं बाकावरून माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघींनी गीताच्या वह्या तोंडापुढे धरल्या.

ती पेटी वाजवायला लागली की माझी पडकी ओळसुद्धा उभी राहायची. हे मला कळत होतं. चांगलं कळत होतं.

ती एकोणीस वर्षांची झाली त्या साली कल्याणच्या मुलींच्या एका शाळेच्या मोठ्या बाई आमच्या उपासनेला आल्या. परत जाताना त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, पेटीपाशी करुणाकडे गेल्या. त्यांना गाणं शिकवणारी, मुलींसाठी नव्या चाली बसवणारी बाई हवी होती. दोन वर्षं पुण्याला शिकायचं, राहण्या-जेवणाचं शाळा बघणार, मग कल्याणला कायमची नोकरी. त्याच महिन्यात डोंबिवलीहून करुणाला मागणीही आली होती. मुलगा रेल्वेत कारकून, घर बरं. बाबांनी दोन्ही गोष्टी तिच्यासमोर ठेवल्या. ‘‘बोलावणं असेल तर पुण्याला जा, मी अडवणार नाही. नसेल तर डोंबिवलीला होकार कळवतो. पुनरुत्थानाच्या रविवारनंतर सांग.’’

बाबा न्यायाचे होते. मोजायची पट्टी मात्र त्यांच्याकडे एकच होती, आणि ती मी दिलेली.

करुणानं मला पडवीत गाठलं.

‘‘ताई, हाक आली तेव्हा नेमकं कसं झालं गं?’’

‘‘सांगितलंय की सगळं सभेत.’’

‘‘तेव्हा मी चौदा वर्षांची होते. परत सांग.’’

मी सांगितलं. पाच वाजता. पाणी हलत नव्हतं. नाव दोनदा. तळहात गरम.

‘‘दोन्ही?’’

‘‘दोन्ही.’’

ती आपल्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘मला चाल सुचते ती राखेनं पातेलं घासताना. कोळणीची हाळी कानात राहते नि तीच वळते. ह्यात देव कुठनं येणार?’’ मी ‘हं’ म्हणाले. एवढंच. ‘हं’.

लेंतचे चाळीस दिवस सुरू झाले, पुनरुत्थानाच्या रविवाराआधीचे, उपवास-प्रार्थनेचे. करुणानं ते चाळीस दिवस हाकेसाठी ठेवले. रोज पहाटे ती माझ्याआधी उठायची आणि मागच्या अंगणात विहिरीपाशी बसायची. तळ्यावर एकटीला बाबा जाऊ देत नव्हते, म्हणून विहीर. पाणी हवं ना? तळहात वर करून मांडीवर ठेवलेले. मी पाच वाजता मेजाशी बसले की खिडकीतून मला तिची पाठ दिसायची. रोज. उजाडलं की ती उठायची, पदर झटकायची, आत येऊन चुलीत लाकडं सारायची. मी विचारत नसे. तीही सांगत नसे. एकदा फक्त म्हणाली, ‘‘आज हात गरम झाल्यासारखे वाटले गं, पण मी आधी चहाचा पेला धरला होता.’’ ती प्रामाणिक होती. माझ्यासारखी असती तर तेवढ्या चहावर तिनं साक्ष देऊन टाकली असती.

तिची ती पाठ समोर ठेवून मी त्या चाळीस दिवसांत जी गीतं लिहिली, ती माझी सगळ्यात चांगली. अजून गातात. हे सांगायला नको होतं का? पण खरं आहे.

पुनरुत्थानाच्या रविवारनंतर पाळकसाहेब घरी चहाला आले. बाबांनी विषय काढला. करुणा म्हणाली, मला काही ऐकू आलं नाही. पाळकसाहेब बराच वेळ बशीत फुंकर घालत राहिले. मग म्हणाले, ‘‘अगं, हाक मलाही आली नव्हती. मला आपलं हे काम सोडवेना, एवढंच. तुला पेटी सोडवेल का?’’

पाच वर्षांत आमच्या घरात ह्या विषयावर कुणी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य. करुणाचा चेहरा — तिनं झटकन माझ्याकडे पाहिलं. पाळकसाहेबांकडे नाही, बाबांकडे नाही. माझ्याकडे. त्या घरात हाक आलेली मी एकटी होते. मी नुसती ‘हो’ अशी मान हलवली असती, तर ती पुण्याला गेली असती.

मी हसले आणि म्हणाले, ‘‘पाळकसाहेब नम्रपणानं बोलताहेत.’’

बाबांनी मान डोलावली. पाळकसाहेब ओशाळले, डोकं खाजवायला लागले. नम्र माणसाला नम्र म्हटल्यावर तो काय बोलणार? करुणा म्हणाली, ‘‘मग मला नाही.’’ रडली बिडली नाही. कपबशा उचलून आत घेऊन गेली.

का म्हणाले मी तसं? आवाज आलाच नव्हता हे फुटेल, ही भीती होती. ते एक. पण तेवढंच असतं तर मी गप्प बसले असते. गप्प बसूनही थाप राखता आली असती. दुसरं कारण होतं, आणि ते अधिक वाईट आहे. माझ्या गीतांचं पुस्तक काढायचं मंडळीनं त्या वर्षी ठरवलं होतं. पुस्तकात शब्द छापतात, चाली छापत नाहीत. वर माझं एकटीचं नाव येणार होतं. करुणा पुण्याला जाऊन शिकून आली असती, कल्याणला तिच्या चाली दुसऱ्यांच्या शब्दांवर उभ्या राहिल्या असत्या, आणि मग सगळ्यांना दिसलं असतं की त्या पाच वर्षांत बोलावणं नेमकं कुणाला होतं. मला ते दिसायला नको होतं. मी तेव्हा हे असं, इतक्या शब्दांत, मनाशी बोलले होते का? हो. बोलले होते. रात्री-बेरात्री नव्हे, तिच्या पाठीकडे बघत, पहाटे, शाईत टाक बुडवताना.

त्याच संध्याकाळी मी करुणापुढे रविवारच्या गीताचा कागद ठेवला. तिनं चाल लावली. चांगली लावली.

जूनमध्ये तिचं लग्न झालं. डोंबिवली तेव्हा लहान होती. चार चाळी, बाकी भातशेतं आणि कंदील. तिचा नवरा भला माणूस. तो तिला कधी उणं बोलला नाही, म्हणजे दोष द्यायला मला तोही मिळाला नाही. दोन खोल्यांत सासू, दीर. पेटीला जागा नव्हती, ती ठाण्यालाच राहिली. वर्षभर मी गीतं घेऊन तिच्याकडे जात असे. मग मुलगा झाला, मुलगी झाली. एकदा कागद परत देत म्हणाली, ‘‘ताई, आता सुचत नाही गं. भांडी तर रोजच घासते.’’ आणि हसली. तिला ते खरंच गमतीचं वाटलं होतं. पुढे मंडळी माझे नवे शब्द जुन्याच चालींवर म्हणायला लागली. पुस्तक निघालं. त्यात कुठेही तिचं नाव नाही. कुणी घालायला नको म्हटलं नव्हतं; मी सुचवलं नाही.

ठाण्याहून डोंबिवली ती किती लांब? मी दिवाळी-नाताळाला जात होते, तिच्या बाळंतपणांना राहिले, तिच्या मुलीच्या लग्नात आठ दिवस करंज्या केल्या. चाळीसेक वर्षं. ह्यातल्या कुठल्याही दुपारी सांगता आलं असतं. मी तर चांगली बोलकी बाई.

शेवटी ती अंथरुणाला खिळली तेव्हा मी तिच्याकडे जाऊन राहिले. एका दुपारी मी मोसंबी सोलत होते, ती भिंतीकडे बघत पडली होती. मला वाटलं डोळा लागला. तर म्हणाली, ‘‘ताई, एक विचारायचं राहूनच गेलं. तो आवाज पुरुषाचा होता की बाईचा?’’

मला कळायला एक क्षण लागला. कुठला आवाज?

मग म्हणाले, ‘‘पुरुषाचा.’’

‘‘वाटलंच मला,’’ ती म्हणाली. ‘‘मी तेव्हा बाईचा येईल असं धरून बसले होते. आला असेल नि मी लक्षच दिलं नसेल.’’

तिची मुलगी कामावर गेली होती. खोलीत आम्ही दोघीच होतो. मी तिला सांगितलं नाही.